परतीच्या वाटेची होडी

बँकेतील नोकरी संपली तरी छाननीची सवय संपत नाही. कोणी नवे घर दाखविले की नजर आधी भिंतीच्या ओलीकडे जाते. कोणी नव्या धंद्याची योजना सांगू लागला की मनातल्या मनात आकडेमोड सुरू होते. २०२४ च्या जून महिन्यात आम्ही उभयता अमेरिकेत क्लीव्हलँड येथे मुलीकडे गेलो, तेव्हा ही सवय एका अगदी अनपेक्षित कामी आली.

जावयांनी गॅरेज रिकामे केले होते. मधोमध लांब टेबल मांडून त्यावर एका होडीचे नकाशे पसरले होते. येत्या हिवाळ्यात स्वतःच्या हातांनी लाकडी मोटारहोडी बांधायची आणि घरापासून वीस मिनिटांवर असलेल्या ईरी सरोवरात ती सोडायची, असा त्यांचा संकल्प होता. ‘‘बाबा, तुम्ही रत्नागिरीला होड्यांना कर्जे दिलीत. जरा नजर टाका,’’ ते म्हणाले. शेजारी उभ्या असलेल्या कन्येच्या चेहऱ्यावर कौतुक होते, तशी काळजीही होती. त्या होडीत बसणार होती नऊ आणि सहा वर्षांची आमची दोन नातवंडे.

मी काही होड्या बांधणारा नव्हे. परंतु रत्नागिरीच्या शाखेत असताना मच्छीमार बंधूंची अनेक कर्जप्रकरणे हाताखालून गेली होती. पाहणीसाठी बंदरावर गेलो की एक वयस्कर तांडेल मला होडीभोवती फिरवून आणत. ते होडीच्या रंगाविषयी कधी बोलत नसत. मासळीने भरलेली, माणसे दमलेली, वारा फिरलेला, अशा अवस्थेत ही होडी बंदरात कशी येईल, एवढेच ते पाहत. क्लीव्हलँडच्या त्या गॅरेजमध्ये मला त्यांचीच आठवण झाली.

नाव सरोवराचे, स्वभाव समुद्राचा

‘सरोवर’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे महाबळेश्वरचे वेण्णा तळे येते. ईरी सरोवर पाहिल्यावर ही कल्पना पार पुसली जाते. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २५,७०० चौरस किलोमीटर, म्हणजे गोवा राज्याच्या जवळजवळ सातपट आहे. लांबी ३८८ किलोमीटर. पलीकडचा किनारा दिसत नाही. उत्तर अमेरिकेच्या पाच महासरोवरांत क्षेत्रफळाने हे चौथे. सर्वांत मोठे सुपीरियर सरोवर ८२,१०० चौरस किलोमीटरचे, म्हणजे महाराष्ट्राच्या चतुर्थांशाहून मोठे आहे. ही सरोवरे मोठमोठ्या जहाजांनाही दयामाया दाखवीत नाहीत. नोव्हेंबर १९१३ च्या वादळात तेथे अडीचशेहून अधिक माणसे बुडाली. १० नोव्हेंबर १९७५ रोजी ‘एडमंड फिट्झगेराल्ड’ हे २२२ मीटर लांबीचे मालवाहू जहाज सुपीरियर सरोवरात २९ खलाशांसह तळाशी गेले.

ईरी सरोवर या पाचांत सर्वांत उथळ. त्याची सरासरी खोली अवघी १९ मीटर असून पश्चिमेकडील भागात तर ती आठ मीटरही भरत नाही. उथळ पाणी सुरक्षित, असा आपला समज असतो. येथे नेमके उलटे घडते. उथळ पाण्यात वाऱ्याने उठलेली लाट लवकर वाढते, उभी राहते आणि फुटते. खुल्या समुद्रात दहा सेकंदांच्या अंतराने येणारी लाट सुमारे दीडशे मीटर लांब असते. लहान होडी तिच्यावर चढते आणि संथपणे उतरते. ईरीवर लाटा तीन-चार सेकंदांनी येतात. त्यांची लांबी पंधरा ते पंचवीस मीटर एवढीच असते. एका लाटेतून होडी सावरते न सावरते तोच पुढची लाट समोर उभी ठाकते.

या सरोवराला भरती-ओहोटी जवळपास नाहीच. पण वारा दीर्घकाळ एकाच दिशेने वाहू लागला की तो पाणी एका टोकाकडे लोटतो आणि दोन टोकांच्या पातळीत दोन मीटरहूनही अधिक फरक पडतो. वारा पडला की सारे पाणी ताटातल्या पाण्यासारखे मागे हेलकावते. कोकणातला माणूस पंचांग पाहून भरतीची वेळ सांगू शकतो. येथे ती सोय नाही. येथे रोजचे हवामानवृत्त हेच पंचांग. आणि त्यात दिलेली लाटांची उंची हीसुद्धा सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. एखादी लाट त्याच्या जवळजवळ दुप्पटही येऊ शकते.

मन मोहून टाकणारी होडी

जावयांनी निवडलेला नकाशा १९५० च्या दशकातील धाटणीचा होता. लांबी चौदा फूट. पुढे लांबसडक, चकाकते लाकडी पाटण, मागे दोन बाकडी, काठ पाण्यालगत. तिकडे अशा होडीला ‘रनअबाउट’ म्हणतात. चार माणसांनी बसावे, वेगात फेरी मारावी, सायंकाळी परत यावे, एवढेच तिचे प्रयोजन.

या होड्यांचा इतिहासही त्याच पाण्याशी निगडित आहे. ह्यूरन आणि ईरी या सरोवरांना जोडणाऱ्या जलमार्गावर, सेंट क्लेअर नदीकाठी, अल्गोनॅक नावाचे छोटे गाव आहे. तेथे ‘क्रिस-क्राफ्ट’ या नावाने प्रसिद्ध पावलेल्या महोगनी होड्या तयार होत. महायुद्धानंतर सामान्य नोकरदाराच्या हाती थोडा पैसा आणि सुट्टीचा दिवस आला. तेव्हा १९५० च्या दशकात याच कंपनीने कापलेल्या लाकडाचे संच विकावयास काढले. कॅलिफोर्नियातील ‘ग्लेन-एल’सारख्या व्यवसायांनी घरी होडी बांधणाऱ्यांसाठी नकाशे पुरविले. हजारो गृहस्थांनी आपापल्या गॅरेजमध्ये होड्या बांधल्या. ती हौस आजही टिकून आहे.

नकाशा सुंदर होता यात शंका नाही. मी एवढेच विचारले, ‘‘ही होडी कोणत्या पाण्यासाठी काढली आहे?’’ जावयांनी नकाशासोबतची पुस्तिका चाळली. तीत लिहिले होते : संरक्षित पाणी, नद्या आणि लहान तळी.

केलीज बेटावरची दुपार

त्या प्रश्नाचे खरे उत्तर मात्र पुस्तिकेने दिले नाही, सरोवराने दिले. शेजारी एक निवृत्त अभियंता राहतात. त्यांच्याकडे अठरा फुटी जुनी लाकडी होडी आहे. ती ईरीच्याच काठी सँडस्की येथे ‘लायमन’ कंपनीने बांधलेली. तिच्या फळ्या कोकणातल्या होडीसारख्या कडेला कड लावून बसविलेल्या नाहीत, कौलांप्रमाणे एकीवर एक चढविलेल्या आहेत. इंजिन मध्यभागी पेटीत आहे. तिच्यातून एका शनिवारी आम्ही सारे मार्बलहेडहून केलीज बेटावर गेलो. मार्बलहेडचे दीपगृह १८२२ पासून आजतागायत अखंड चालू आहे. तेथून बेट जेमतेम सहा किलोमीटर. सकाळी पाणी आरशासारखे होते. पंधरा मिनिटांत आम्ही पोहोचलो.

दुपारनंतर वारा ईशान्येकडे वळेल, असे हवामानवृत्तात सांगितले होते. शेजाऱ्यांनी निघण्याची वेळही ठरविली होती. परंतु नातवंडांना आइस्क्रीम हवे होते आणि आम्ही अर्धा तास अधिक थांबलो. ईशान्येकडून आलेल्या वाऱ्याला त्या सरोवरावर दोनशेहून अधिक किलोमीटर मोकळी धाव मिळते. आम्ही बेटाच्या आडोशातून बाहेर पडलो तेव्हा सकाळचे पाणी उरले नव्हते. करड्या, बोथट, आखूड लाटा मागून चालून येत होत्या.

समोरून येणारी लाट दिसते. मागून येणारी लाट फक्त जाणवते. होडीची पिछाडी उचलली जाई, नाळ खाली झुके, आणि होडी आडवी वळू पाहे. शेजारी एका हाताने सुकाणूचे चाक आणि दुसऱ्या हाताने इंजिनाचा वेग सांभाळीत होते. लाटेच्या पुढे फार धावायचे नाही, तिच्या मागेही पडायचे नाही. कोणी बोलत नव्हते. मुलीने धाकट्याला मांडीत घट्ट धरले होते. एक लाट पिछाडीच्या फळीपर्यंत आली, फळीवर आपटली आणि मागे सरली. थोडे तुषार आत आले, एवढेच. पंधरा मिनिटांच्या वाटेला आम्हाला पाऊण तास लागला.

धक्क्याला लागल्यावर जावई उतरले नाहीत. ते बराच वेळ त्या पिछाडीच्या फळीकडे पाहत बसले. मग त्यांनी वीत लावून तिची उंची मोजली. त्यांच्या नकाशातील होडीला मागे बाहेरून इंजिन टांगायचे होते आणि त्यासाठी फळीचा मधला भाग पंधरा इंचांपर्यंत खाली कापलेला होता. ‘‘बाबा, ती लाट आत आली असती,’’ ते हळूच म्हणाले. त्या रात्री चौदा फुटी होडीचे नकाशे टेबलावरून उचलले गेले.

छाननीचे मुद्दे

त्यानंतरच्या तीन आठवड्यांत शेजारी, जावई आणि मी अशा तिघांनी जणू एक कर्जप्रकरणच तपासले. त्यातील मुद्दे मोठ्या पाण्यावर होडी नेऊ इच्छिणाऱ्या कोणासही उपयोगी पडतील.

पहिला मुद्दा काठाच्या उंचीचा. बँकेत आपण तारणाच्या पूर्ण किमतीएवढे कर्ज कधीच देत नाही. काही टक्के मार्जिन राखतो. कारण आज ठरलेली किंमत उद्या टिकेलच असे नाही. पाण्याच्या पातळीपासून काठापर्यंतची उंची हे होडीचे मार्जिन होय. ही उंची रिकाम्या होडीत मोजून उपयोग नाही. चार माणसे, पूर्ण भरलेली इंधनटाकी, नांगर आणि सामान चढवून ती किती उरते ते पाहावे. फार उंच काठही गैरसोयीचा असतो. त्यावर वारा धरतो आणि धक्क्याला लागताना होडी ऐकत नाही. तरीही लहरी पाण्यावर कमीपेक्षा अधिक उंची बरी.

दुसरा मुद्दा तळाच्या आकाराचा. सपाट तळाची होडी थोड्या अश्वशक्तीत पाण्यावर चढून धावू लागते आणि उभी असताना डुलत नाही. परंतु आखूड लाटांवर ती आपटते, आणि त्याचा हिशेब पाठीचा कणा देतो. खोल ‘व्ही’ आकाराचा तळ लाट कापतो. रेमंड हंट यांनी आखलेल्या अशाच तळाच्या होडीने १९६० साली मायामी ते नासाऊ ही खवळलेल्या समुद्रावरची शर्यत जिंकली, आणि तेव्हापासून तो आकार जगभर रुळला. त्या तळाचा उतार चोवीस अंशांच्या आसपास असतो. मात्र त्याला शक्ती अधिक लागते, इंधन अधिक लागते आणि थांबलेली होडी डावी-उजवीकडे कलते. घरी बांधलेल्या हलक्या होडीसाठी सुवर्णमध्य असा, की नाळेपाशी तळ चांगला धारदार असावा आणि मागे जाता जाता तो बारा ते सोळा अंशांवर यावा.

लांबीचा निर्णय बऱ्याच अंशी गॅरेजनेच केला. वीस-बावीस फूट खोलीच्या जागेत सतरा फुटांची होडी बांधून तिच्याभोवती फिरता येते. पाणी बाजूला सारीत संथ जाणाऱ्या होडीचा वेग तिच्या लांबीने बांधलेला असतो. पाण्यालगत सोळा फूट लांबीच्या होडीला तो ताशी सुमारे दहा किलोमीटर पडतो. त्यापुढे जायचे तर तिला पाण्यावर चढून धावावे लागते. खवळलेल्या पाण्यात पुष्कळदा या दोहोंच्या मधल्या वेगाने घरी यावे लागते, आणि होडी त्या वेगालाही नाळ फार वर न उचलता ताब्यात राहिली पाहिजे. दुकानदार किंवा नकाशे विकणारे कमाल वेग सांगतात. आपण हा मधला वेग विचारावा.

इंजिनाच्या बाबतीत जुन्या नकाशांत एक फसगत दडलेली असते. १९५० च्या दशकात इंजिने टू-स्ट्रोक आणि बरीच हलकी होती. आजचे पन्नास-साठ अश्वशक्तीचे फोर-स्ट्रोक इंजिन शंभर ते सव्वाशे किलोंच्या घरात जाते. तेवढा भार जुन्या आराखड्याच्या अगदी टोकाला टांगला की पिछाडी बसते आणि राखलेले मार्जिन नेमके जेथे हवे तेथेच कमी होते. म्हणून पिछाडीची फळी निदान वीस इंच उंच असावी, तिला शोभेल असे लांब दांड्याचे इंजिन घ्यावे, आणि फळीच्या आतील बाजूस एक बंद पन्हळ असावी. लाट आत आलीच तर ती पन्हळीतून परत बाहेर जाते.

शेवटचा मुद्दा, होडी पाण्याने भरली तर काय? लाकूड तरंगते हे खरे, पण इंजिन तरंगत नाही. पाणी न शोषणारा एक लिटर फेस सुमारे एक किलो भार उचलून धरतो. हा फेस तळाशी कोंबला तर भरलेली होडी उलटी होण्याचा संभव असतो. तो काठांच्या आतील बाजूस, उंचावर, आणि इंजिनाजवळ अधिक असा भरावा. म्हणजे होडी भरली तरी सरळ राहते आणि माणसांना धरावयास आधार उरतो. वसंतात हवा उबदार असली तरी सरोवराचे पाणी बर्फाळच असते. अशा पाण्यात पडलेल्या माणसाला श्वास सावरण्यास एक मिनिट मिळते, हातपाय उपयोगी पडतील अशी सुमारे दहा मिनिटे मिळतात, आणि शुद्ध हरपण्यास तासाभराचा अवधी असतो. पण हा तास जीवरक्षक जॅकेट अंगात असेल त्याच्यासाठीच. शिवाय चालक पाण्यात पडताच इंजिन बंद करणारी दोरी अंगाला जोडून ठेवणे, ज्या होड्यांवर तशी सोय आहे त्यांच्यासाठी, अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून सक्तीचे झाले आहे.

लाकूड, तार आणि काथ्या

एवढे सारे पाहून लाकूडच का? कारण प्लायवूड हा वजनाच्या मानाने अतिशय ताठ पदार्थ आहे आणि साध्या हत्यारांनी कापता येतो. ओकूमे जातीच्या लाकडाचे, ‘बीएस १०८८’ या ब्रिटिश मानकाचे मरीन प्लाय हलके असते. परंतु ते कुजण्यास फारसा विरोध करीत नाही. म्हणून त्याची प्रत्येक कड इपॉक्सीने बंद करावी लागते. ह्यूरन सरोवराकाठी बे सिटी येथील गूजन बंधूंनी बर्फावर धावणाऱ्या शिडाच्या गाड्या बांधता बांधता हे इपॉक्सीचे तंत्र विकसित केले आणि ते घरी होडी बांधणाऱ्यांच्या हाती दिले. एक गोष्ट मला नवीन होती. लाकूड खाऱ्या पाण्यापेक्षा गोड्या पाण्याने, त्यातही होडीत साचलेल्या पावसाच्या पाण्याने, अधिक कुजते. तळातील प्रत्येक कप्प्याला निचरा आणि वारा हवा.

बांधणीच्या एका पद्धतीत प्लायवूडचे तक्ते कापून कडांना छिद्रे पाडतात, तांब्याच्या तारेने ते एकमेकांना शिवतात आणि सांध्यात इपॉक्सी भरून वर काचधाग्याची पट्टी चिकटवितात. १९६० च्या दशकाच्या आरंभी ब्रिटनमध्ये ‘मिरर’ ही शिडाची होडी याच पद्धतीने हजारो घरांत तयार झाली. शिवलेल्या होडीचे आपल्याला नवल वाटू नये. काथ्याने फळ्या शिवण्याची विद्या आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या होती. मे २०२५ मध्ये कारवार येथे भारतीय नौदलात दाखल झालेले ‘कौंडिण्य’ हे शिडाचे जहाज अजिंठ्याच्या एका भित्तिचित्रावरून घेतलेले असून गोव्यात त्याच विद्येने बांधले गेले. ती बातमी मी जावयांना आवर्जून पाठविली.

पैशाचा हिशेब

बँकेच्या मासिकात पैशाविषयी न लिहिणे बरे दिसणार नाही. घरी होडी बांधून पैसे वाचतात, हा गोड गैरसमज आहे. लाकूड आणि इपॉक्सी हा खर्चाचा लहान भाग. इंजिन, ते ओढून नेणारी गाडी, विजेचे दिवे, नांगर, बचावसाधने यांची बेरीज त्याहून मोठी होते. वेळ शेकडो तासांनी मोजावा लागतो. एका हिवाळ्याचे काम सहसा दोन हिवाळे खाते. विमा देण्यापूर्वी कंपनी पुष्कळदा तज्ज्ञाची तपासणी मागते. राज्य शासनाकडून होडीला ओळख क्रमांक घ्यावा लागतो. आणि विकावयास काढली तर घरी बांधलेल्या होडीला, ती कितीही चोख असली तरी, कारखान्यातील होडीएवढी किंमत येत नाही. तेव्हा हा खर्च गुंतवणूक म्हणून मांडू नये. तो छंदाच्या खात्यावर टाकावा आणि त्यासाठी कर्ज काढू नये, हा सल्ला मी जावयांना सासरा म्हणून नव्हे, जुना शाखाधिकारी म्हणून दिला.

इंधनाविषयी शेजाऱ्यांनी सांगितलेला नियम मात्र कोणाही बँकवाल्यास आवडेल. टाकीचा एक-तृतीयांश भाग जाण्यासाठी, एक-तृतीयांश येण्यासाठी, आणि उरलेला राखीव. त्या राखीव भागाला हात लावायचा नाही.

टेबलावरची नवी होडी

आम्ही परत निघालो तेव्हा टेबलावर दुसरे नकाशे होते. सतरा फूट लांबी, सात फूट रुंदी, धारदार नाळ, मध्यम उताराचा तळ, उंच पिछाडी. पहिल्या होडीएवढी ती देखणी नाही, हे जावयांनी स्वतःच कबूल केले. पुढचे पाटण मात्र त्यांनी लांबच ठेवले. लाटेचे पाणी त्यावरून बाजूला निघून जाते, असे समर्थनही त्याला होते. आम्ही कोणी त्यास हरकत घेतली नाही.

अशी होडी बांधताना उलटी बांधतात. तळ पुरा झाला की शेजारीपाजारी जमतात आणि सारे मिळून ती सरळ करतात. ईरीच्या काठी तो एक छोटा सोहळाच असतो. २०२५ च्या मार्चमध्ये जावयांनी तो सोहळा आम्हाला पुण्यात दूरध्वनीच्या पडद्यावर दाखविला. दहा-बारा माणसांनी ‘एक, दोन, तीन’ म्हणत होडी उचलली, कलती केली आणि अलगद गाद्यांवर उतरवली. मग कन्येने पडदा होडीच्या आत नेला. पिछाडीच्या फळीच्या आतील अंगास पेन्सिलीने दोन आडव्या रेघा काढल्या होत्या. खालची रेघ होडी पूर्ण भरल्यावर पाणी जेथे येईल तेथे, वरची काठाला. दोन्ही रेघांमधल्या जागेत थोरल्या नातवाने आपल्या वळणदार देवनागरीत, वडिलांनी सांगितल्यावरून, एकच शब्द लिहिला होता : मार्जिन.

त्यावर रंग द्यायचा नाही, असे त्यांचे ठरले आहे.